रोजच्या वापराची जीप

गुंजी, ता. खानापूर
१२ डिसेंबर

प्रिय तेजस्वी,

पाकिटावरचं अक्षर मष्णू मिस्त्रीचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच परत पाठवलं असतंस, आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. मी तुला घरातून घालवलं त्याला दहा महिने होऊन गेले. तुझा फोन मला लागत नाही, तुझ्या सासूलाही लागत नाही. लागला असता तरी मला जे सांगायचं आहे ते फोनवर निघालं नसतं. मी तापट माणूस. बोलायला लागलो की आवाज चढतो आणि सांगायचं ते मागंच राहतं, हे तुझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून सासरा सुनेला पत्र लिहायला बसलाय. उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चुलीत घाल.

घरचं बरं आहे म्हणायचं. तुझ्या सासूचा, मालूचा गुडघा थंडीनं धरलाय, पण धारा काढायचं काम ती कुणाला देत नाही. तू रात्रभर खपून जिचं रेडकू सोडवलंस ती म्हैस परत गाभण आहे. तिला वैरण टाकताना तुझी सासू तुझं नाव काढते. मी गोठ्यात पाऊल टाकलं की गप्प होते. आमच्या घरात आता दोन माणसं राहतात आणि दोघंही एकमेकांना चुकवून जेवतात. ऊस यंदा बरा आहे. ट्रॅक्टर मात्र मी भाड्यानं दिला, माझ्याच्यानं आता ट्रॉली ओढवत नाही. मष्णूचा साडू निपाणीत असतो. त्याच्याकडून कळतं की तू बदली करून घेतलीस आणि जनावरांच्या दवाखान्याच्या कामाला सौंदलगा, आडी अशी स्कूटीवरून फिरतेस. रस्ते तिकडेही खड्ड्यांचेच आहेत, असं तो म्हणाला.

मोठी बातमी अशी की स्वरूपची जीप रस्त्यावर आली आहे आणि ती आता रोजच्या वापराची झाली आहे. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. लग्न होऊन आल्यापासून तू हे एकच मागणं मागत होतीस आणि आम्ही बापलेक तुला हसत होतो. स्वरूपनं लोंढ्याच्या एका लाकूड कंत्राटदाराकडून ती मोडकी जीप आणली, दोन उन्हाळे मष्णूच्या गॅरेजात घातले, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटे भरून ती सहा इंच वर उचलली आणि खाली कमरेएवढे टायर चढवले. रविवारी मित्रांबरोबर जंगलाकडच्या चिखलात घालायची आणि अंगभर राड घेऊन परत यायचं, एवढाच तिचा उपयोग. त्याला ते राज्य वाटायचं. लग्नाच्या दिवशीही हट्टानं तीच आणली. शालू नेसून तुला त्या जीपमध्ये चढता येईना, तेव्हा ह्या शहाण्यानं भाताचं पोतं आडवं टाकलं. तू पाय ठेवलास आणि पोतं उसवून भात रस्ताभर झाला. मालू म्हणाली होती, ‘माप वलांडायच्या आदीच सांडलंस की गं पोरी, बरकत हाय तुज्या पायाला.’ सगळी वरात हसली होती. तूही.

पण तुझं खरं होतं. त्या जीपमध्ये बसणं म्हणजे शिक्षा. खानापूर येईपर्यंत पोटातलं पाणी घुसळून निघायचं, टायरांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि स्टेअरिंग असं डुलायचं की सरळ रस्त्यावरही दोन्ही हातांनी धरून बसावं लागायचं. स्वरूप रोज तुला दवाखान्यात सोडायला तयार असायचा आणि तू बसनं जायचीस. एकदा तू म्हणालीस, ‘माझी म्हैस यापेक्षा बरी चालते.’ मी त्यावर आठवडाभर तुझी चेष्टा केली. गाडी कशी असावी हे बाईमाणसानं आम्हाला शिकवू नये, अशी माझी मिजास. चाळीस वर्षं मी ट्रॅक्टर हाकला होता ना.

आता जे लिहितो ते तुला पाठ आहे. तरी लिहितो, कारण माझ्या हातानं ते एकदा लिहिलं गेलं पाहिजे. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी तू बहिणीच्या साखरपुड्याला निपाणीला होतीस. स्वरूप तुला आणायला निघाला. सकाळी तुमचं फोनवर बोलणं झालं होतं. मला उसाच्या फडावर जायचं होतं म्हणून मी जीपमध्ये बसलो, फडापाशी उतरलो, आणि तिथून तीन शेतं पुढं, वळणावर, खडी उखडलीय तिथं, जीप रस्ता सोडून शेतात उलटली. पहिला पोचलो तो मी. त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचीही वेळ आली नाही. बाराव्याला मांडवात सगळी भावकी बसलेली असताना मी तुला विचारलं, सकाळी माझ्या पोराला काय बोललीस? तू काहीही सांगू शकली असतीस. तू खरं सांगितलंस. म्हणालीस, ‘मी म्हटलं, त्या जीपमध्ये मी बसणार नाही, यायचं तर दुसरी गाडी घेऊन या.’ एवढं मला पुरलं. तू भांडलीस, तो चिडला, चिडून गाडी हाणली आणि गेला, असं मी पन्नास माणसांत ओरडलो. वर हेही सांगितलं की फडापर्यंत तो माझ्याशेजारी तोंड फुगवून बसला होता, एक शब्द बोलला नाही. तुझे वडील माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. तू मात्र मान खाली घातलीस ती परत वर केली नाहीस. दोन दिवसांनी तुझी बॅग मी स्वतः टेम्पोत ठेवली.

जीप सात महिने पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. ऑगस्टमध्ये सोडवून आणली तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात घाला. मी ती ओढून मष्णूच्या गॅरेजात नेली आणि म्हणालो, ही रोजच्या वापराची करायची, बाईमाणसाला चालवता आली पाहिजे. त्यामागं एक कारण होतं. ते मी त्याला सांगितलं नाही आणि तुलाही इथं लगेच सांगायला धीर होत नाही.

मला वाटलं होतं, उचललेली गाडी खाली आणली, मोठे टायर काढून साधे घातले की झालं काम. मष्णू म्हणाला, ‘अण्णा, पोरानं केल्यालं समदं काढून टाकलासा तर ती त्येची गाडी कशी ऱ्हाईल? उंची ऱ्हाऊ दे. नरम करूया.’ आणि मग त्यानं मला शिकवायला सुरुवात केली. या वयात मी त्याच्या हाताखाली पाने देणारा झालो. आधी पाटे उतरवले. स्वरूपनं भरलेले जादा पाटे म्हणजे ट्रकचा प्रकार होता, रिकाम्या जीपमध्ये ते वाकतच नव्हते, खड्ड्याचा सगळा दणका माणसाच्या मणक्यात. ते काढून पातळ, लांब पाटे बेळगावात बनवून घेतले आणि टोकांना रबरी बुश बसवले. शॉकअप तर जुन्याच मापाचे राहिले होते. गाडी वर गेली, शॉकअप तेवढेच, त्यामुळं जरा उडाली की ते ताणून ठक्कन टोकाला आपटायचे. तू ‘ठकठक येते’ म्हणायचीस ती हीच. मी तेव्हा म्हणालो होतो, तुझ्याच डोक्यात येते. लांब शॉकअप घातले आणि ठकठक गेली. पुढच्या चाकांचा कोन बिघडला होता तो सारखा केला, आता स्टेअरिंग एका हातानं धरलं तरी गाडी रेघ सोडत नाही. टायर मोठेच ठेवले, पण चिखलाचे दात असलेले नाहीत, रस्त्याचे. चारी चाकं बॅलन्स करून घेतली. खाली जाड रबर अंथरलं, दरवाजांना पट्ट्या लावल्या. आता आत बसून हळू बोललेलंही ऐकू येतं.

सीट आणि पायरीपाशी मात्र अडलं. तुझं नेमकं माप आम्हाला माहीत नव्हतं. मालू तुझ्याएवढीच आहे, म्हणून तिला गॅरेजात घेऊन गेलो. ती त्या जीपच्या जवळ कधी गेली नव्हती, तिकडं बघायचीही नाही. मी म्हणालो, एकदा चढून दाखव, पायरी किती खाली लागते ते बघायचंय. ती चढली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि रडायला लागली. मष्णू बाहेर जाऊन उभा राहिला. तासाभरानं ती उतरली आणि म्हणाली, ‘पायरी अजून चार बोटं खाली घ्या.’ ही जीप कुणासाठी करतोय हे तिनं विचारलं नाही. तिला कळलं असावं. पायरी चार बोटं खाली घेतली आहे. सीट पुढं-मागं सरकते, पाठीला टेकण आहे.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट घडली होती, ती मी मुद्दाम मागं ठेवली. आता ती लिहितो. तू बघितलं असशील, सकाळी तोंड धुतलं की मी आधी कॉम्प्रेसर सुरू करायचो. चाळीस वर्षं ऊस ओढलेला माणूस मी. टायरवर थाप मारली की ठणठण वाजला पाहिजे, हे माझं शास्त्र. हवा कमी असेल तर भरलेली ट्रॉली टायर चिरडते, मधल्या रस्त्यात बसवते, हे मी हजारदा बघितलंय. स्वरूपच्या जीपचे टायर मला रोज सकाळी बसल्यासारखे दिसायचे. मी म्हणायचो, एवढे महागाचे आणलेत आणि हवा टिकत नाही. मग पोरगं झोपेतून उठायच्या आत चारी टायरांत पंचेचाळीस पॉइंट हवा भरून ठेवायचो. तीन वर्षं, एकही दिवस चुकवला नाही. स्वरूप म्हणायचा, ‘कशाला त्रास घेतासा आप्पा?’ मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. पोराची काळजी करायची मला तेवढी एकच रीत माहीत होती.

ऑगस्टमध्ये जीप गॅरेजात आली त्या दिवशी मष्णूनं पहिल्यांदा टायरला मीटर लावला. सात महिने उन्हापावसात पडलेल्या टायरांत अडतीस पॉइंट हवा होती. मष्णूनं मीटर खिशात ठेवला. मी विचारलं, काय झालं? तो टाळायला लागला तसा मी चढलो. शेवटी त्यानं सांगितलं, ‘अण्णा, गाडी हलकी, टायर मोठा. ह्यास्नी पंचवीस-सव्वीसच्या वर हवा लागत न्हाय. कडक हवेनं ती चेंडूगत उडती, खडीवर धरच घेत न्हाय. स्वरूपला ठावं हुतं. त्यो रोज सकाळी हितं गॅरेजापुढं थांबून चारी टायरची हवा सोडायचा. मला म्हणायचा, आप्पा हौसेनं भरत्यात, त्यास्नी सांगू नगंस, मन मोडंल त्यांचं.’ मी तिथंच टायरावर बसलो. म्हणजे मी रोज भरायचो आणि तो रोज सोडायचा. मला वाटायचं हवा टिकत नाही. तीन वर्षं आमचं हे चाललं होतं आणि त्यानं मला कळू दिलं नाही.

मग मी मष्णूला विचारलं, त्या दिवशी का नाही सोडली? मष्णूनं खाली बघितलं. म्हणाला, ‘त्या दिशी तुमी गाडीत बसला हुतासा, अण्णा. हितनं जाताना त्यानं मला हात केला आन् तसाच म्होरं गेला.’

मी ऐकून घेतलं नाही. ज्याला त्याला खोटं ठरवायची सवय अशी लगेच जात नाही. जीप चालती झाल्यावर मी हट्टानं जुने टायर चढवायला लावले, पंचेचाळीस पॉइंट हवा भरली आणि एकटाच त्या वळणावर गेलो. वेगात नव्हतो, चाळीसच्या आतच असेन. उखडलेल्या खडीवर चाक आलं आणि जीपचा मागचा भाग उचलून बाजूला फेकल्यासारखा गेला. कशीबशी थांबवली. उतरून बांधावर जाऊन बसलो. मग सव्वीसपर्यंत हवा सोडली आणि त्याच वळणावरून, त्याच वेगानं परत आलो. जीप रस्ता धरून, काही झालंच नाही अशी आली. तेव्हा मान्य केलं. मष्णू म्हणतो, वळण वाईट, खडी वाईट, पाटे कडक, सगळंच मिळून झालं. तो भला माणूस आहे. हवा मी भरली होती.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं लोकांना हिणवत आलो जन्मभर. पण हवेचं मला ऑगस्टमध्ये कळलं. ते कळलं नव्हतं तेव्हाही एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती दाबून ठेवून मी तुला मांडवात उभं केलं. बाराव्याला मी खोटं बोललो. स्वरूप माझ्याशेजारी गप्प बसला नव्हता. मला कुणीतरी हवं होतं ज्याच्या माथी हे मारता येईल, तू समोर होतीस आणि खरं बोललीस, म्हणून तुला धरलं. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या पन्नास माणसांपुढं मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे, हवेचंही आणि खोट्याचंही. तू यावंस असं म्हणायचा मला अधिकार नाही. तुझ्या सासूला आज संध्याकाळी सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्या ताटात वाढेल की नाही, माहीत नाही. जीप तुझी आहे. तू म्हणशील तर मष्णू निपाणीला आणून देईल, मी येणार नाही. नको असली तर नको. पण मी हे पत्र जीपसाठी लिहिलेलं नाही, माफीसाठीही नाही. तुझा नवरा तुझ्यावर रागावून मेला असं मी तुला सांगितलं आणि ते घेऊन तू दहा महिने जगते आहेस, म्हणून लिहितोय. घरापासून फडापर्यंत तो तुझ्याबद्दलच बोलत होता. म्हणाला, ‘आप्पा, तेजू म्हणती त्येच खरं हाय. आज शिव्या खाऊन आणतो तिला ह्याच गाडीतनं, आन् उद्या गाडी मष्णूकडं टाकतो. तिला रोज चालवता आली पायजे अशी करून घेतो.’ मी म्हणालो, बायकोच्या तालावर नाच आता. तो म्हणाला, ‘नाचतो की, त्यात काय?’ मी उतरलो, त्यानं हात केला आणि गाडी पुढं घेतली. तो चिडलेला नव्हता, पोरी. तो हसत होता.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
आप्पा